दुखणे थांबले, पण दुखापत बरी झाली का? (सांधे आणि स्नायूंच्या दुखापतींविषयी चर्चा)

हालचाल (धागाकर्ती)

नमस्कार. गेली सोळा वर्षे मी फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आहे. धावणारी, खेळणारी, सायकल चालवणारी, डोंगर चढणारी माणसे माझ्याकडे सतत येतात आणि त्यांच्यातल्या अनेकांची ती दुखापत पहिली नसते. तोच घोटा पुन्हा मुरगळलेला असतो, मांडीचा तोच स्नायू त्याच जागी पुन्हा ताणलेला असतो. मागच्या खेपेला काय केले होते असे विचारले की उत्तर बहुधा ठरलेले असते: आठ-दहा दिवस आराम केला, दुखायचे थांबले, मग पुन्हा खेळायला लागलो. हा धागा मी याच समजुतीबद्दल काढला आहे. दुखणे थांबणे आणि दुखापत भरून येणे यांच्यामध्ये काही आठवड्यांचे, कधीकधी काही महिन्यांचे अंतर असते, आणि त्या मधल्या काळात काय केले यावर पुढचे पुष्कळ काही अवलंबून असते.

स्नायू, कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) किंवा अस्थिबंध (हाडाला हाडाशी बांधणारा पट्टा) फाटला की पहिले काही दिवस तिथे दाह होतो. सूज, उष्णता आणि ठणका ही त्याची लक्षणे आपल्याला नकोशी वाटतात, परंतु मेलेल्या पेशी साफ करून दुरुस्तीला जागा करून देण्याचे काम हा दाहच करत असतो. त्यानंतरच्या काही आठवड्यांत कोलॅजेनचे, म्हणजे ऊतकाला बळकटी देणाऱ्या प्रथिनाचे, नवे तंतू विणले जातात, मात्र ते सुरुवातीला कसेही, आडवेतिडवे पडलेले असतात. पुढे कित्येक महिने हे तंतू ताणाच्या दिशेने हळूहळू रचले जातात आणि मजबूत होत जातात. दुखणे कमी होते ते दाह ओसरल्यामुळे, म्हणजे नवे ऊतक अजून कच्चे असतानाच. शिवाय तंतूंनी नीट रचले जावे यासाठी त्यांच्यावर बेताचा ताण पडावा लागतो. नुसत्या विश्रांतीने तो पडत नाही, उलट न वापरलेल्या स्नायूंची ताकद एक-दोन आठवड्यांतच कमी होऊ लागते.

पहिल्या दोन-तीन दिवसांबद्दलही थोडे सांगायला हवे. विश्रांती, बर्फ, दाब आणि दुखरा भाग उंच ठेवणे हे चौकडीचे सूत्र गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी १९७८ साली मांडले आणि ते जगभर पाठ झाले. २०१४ मध्ये त्यांनी स्वतःच लिहिले की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांमुळे दुखापत भरून यायला उशीर होऊ शकतो. आपलेच गाजलेले सूत्र पुराव्यापुढे मागे घेणाऱ्या या डॉक्टरांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. माझे स्वतःचे मत असे आहे की दुखणे असह्य असेल तर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे लावायला हरकत नाही, पण तो वेदना कमी करण्यासाठी आहे, दुखापत बरी करण्यासाठी नव्हे. सूज उतरवण्यासाठी क्रेप बँडेजचा बेताचा दाब आणि पाय उंच ठेवणे उपयोगी पडते. या दिवसांत जोरात चोळणे आणि शेकणे मात्र टाळावे, कारण ताज्या जखमेत त्यामुळे रक्तस्राव वाढू शकतो. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून, सहन होईल तेवढी, हालचाल सुरू करावी.

ही हालचाल किती करावी हे ठरवण्यासाठी मी सर्वांना एकच मोजपट्टी देते. वेदनेला शून्य ते दहा असे गुण द्या. व्यायाम करताना वेदना तीनपर्यंत राहिली तर निर्धास्तपणे चालू ठेवा, चार-पाच झाली तर सावध राहा, त्यावर गेली तर भार कमी करा. यापेक्षाही महत्त्वाची आहे ती दुसऱ्या दिवशीची सकाळ. सकाळी उठल्यावर दुखणे आणि आखडलेपण आदल्या सकाळइतकेच असेल, तर कालचा भार शरीराला पेलला. ते वाढले असेल तर भार जास्त झाला, मग व्यायाम करताना कितीही बरे वाटलेले असो.

तुमचे अनुभव आणि प्रश्न अवश्य लिहा. येथील चर्चा प्रत्यक्ष तपासणीची जागा घेऊ शकत नाही, हे कृपया लक्षात ठेवावे.

पहाटधाव

अतिशय उपयुक्त धागा. मला धावू लागून दोन वर्षे झाली आहेत. नऊ दिवसांपूर्वी रस्त्याच्या कडेवरून पाय घसरला आणि उजवा घोटा आतल्या बाजूला वळला. लगेच सूज आली, रात्रीपर्यंत बाहेरच्या बाजूला निळे-जांभळे झाले. लंगडत का होईना, पण घरापर्यंत चालत आलो, म्हणून एक्स-रे काढला नाही. आता सूज बरीच उतरली आहे आणि सपाट जागी चालताना दुखत नाही. एक्स-रे न काढण्यात चूक झाली का? आणि धावायला केव्हा सुरुवात करू?

हालचाल

एक्स-रेबद्दल आधी सांगते, कारण हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकाला पडतो. १९९२ साली कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी यासाठी साधे नियम तयार केले आणि ते आजही जगभर वापरले जातात. घोट्याच्या बाहेरच्या किंवा आतल्या हाडाच्या खालच्या सहा सेंटीमीटर भागात, मागच्या कडेवर किंवा टोकावर, बोटाने दाबल्यावर दुखत असेल तर एक्स-रे काढावा. पावलाच्या बाहेरच्या कडेला मधोमध जो उंचवटा लागतो, म्हणजे करंगळीच्या लांब हाडाचे मूळ, तिथे किंवा आतल्या बाजूला कमानीच्या वर असलेल्या नौकाकृती हाडावर दाबून दुखत असेल तरीही काढावा. आणि दुखापतीनंतर लगेच तसेच तपासणीच्या वेळी चार पावलेही टाकता येत नसतील, तर काढावाच. लंगडत टाकलेली पावले चालतात. मोठ्या माणसांत हे नियम नीट लावले तर मोडलेले हाड सहसा नजरेतून सुटत नाही. तुम्ही चालत घरी आलात ही चांगली खूण आहे, पण वरच्या जागा आज एकदा दाबून पाहा.

आता घोट्याविषयी. पाय असा आत वळतो तेव्हा बहुतेक वेळा इजा होते ती बाहेरच्या हाडापासून पुढे पावलाकडे जाणाऱ्या छोट्या अस्थिबंधाला. हा अस्थिबंध दोन हाडांना बांधून ठेवतोच, शिवाय पाऊल जमिनीवर कोणत्या कोनात आहे याची खबरही त्यातील मज्जातंतू मेंदूला देत असतात. दुखापतीनंतर ही खबर उशिरा पोहोचते किंवा नीट पोहोचत नाही. पाय वळू लागताच नडगीच्या बाहेरचे स्नायू झटकन आवळले जायला हवेत, ते वेळेवर आवळले जात नाहीत आणि घोटा पुन्हा मुरगळतो. त्यामुळे घोट्याच्या उपचारात ताकदीइतकाच तोल महत्त्वाचा आहे.

आजपासून तीन गोष्टी सुरू करा. पहिली, भिंतीकडे तोंड करून उभे राहा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. पाऊल हळूहळू मागे नेत गेल्यावर दोन्ही पायांतला फरक कळतो. तो फरक मिटेपर्यंत हा व्यायाम रोज करावा, कारण आखडलेल्या घोट्याने धावल्यास भार पोटरीवर आणि गुडघ्यावर जातो. दुसरी, दोन्ही पायांवर टाचा उचलणे, ते सोपे झाले की एका पायावर. तिसरी, एका पायावर अर्धा मिनिट उभे राहणे, मग डोळे मिटून, मग मऊ गादीवर, मग उभ्याउभ्या चेंडू झेलत. दुखऱ्या पायावर सलग वीस-पंचवीस वेळा टाच उचलता आली, अर्धा तास झपाट्याने चालून दुसऱ्या सकाळी काही दुखले नाही, आणि एका पायावर जागच्या जागी वीस उड्या विश्वासाने मारता आल्या, की धावायला सुरुवात करा. एवढे साधायला किती दिवस लागतात हे प्रत्येकाचे वेगळे असते, म्हणून मी तारीख देत नाही. तोलाचे व्यायाम मात्र धावणे सुरू झाल्यावरही दोन-तीन महिने सोडू नयेत. खडबडीत वाटेवर धावणार असाल तर त्या काळात घोट्याचा पट्टा वापरणे शहाणपणाचे आहे. पट्ट्याने घोटा कमजोर होतो ही भीती, व्यायाम चालू असताना, बाळगण्याचे कारण नाही.

जुनाट

नाराज होऊ नये, पण मला हे पटत नाही. माझी टाचेची कंडरा चार महिने दुखत होती. दोन वेगवेगळ्या ठिकाणी जाऊन व्यायाम केले आणि प्रत्येक वेळी दुखणे वाढले. शेवटी सर्व बंद करून दोन महिने संपूर्ण विश्रांती घेतली आणि दुखणे गेले. सर्वच दुखण्यांवर व्यायाम हे उत्तर असते असे म्हणणे मला धोक्याचे वाटते.

डोंगरवाट

जुनाट, विश्रांतीनंतर तुम्ही पुन्हा धावायला लागलात का? मीही असाच दोन महिने थांबलो होतो. थांबलो तोवर काही दुखले नाही आणि पहिल्या मोठ्या चढणीनंतर टाच जिथल्या तिथे परत आली.

जुनाट

प्रामाणिकपणे सांगायचे तर तीन आठवडे धावलो आणि आता सकाळी उठल्यावर पहिली काही पावले पुन्हा जड जात आहेत.

हालचाल

जुनाट, तुमच्या आक्षेपात तथ्य आहे आणि तो मोकळेपणाने मांडल्याबद्दल मी आभारी आहे. चुकीचा किंवा चुकीच्या मात्रेचा व्यायाम दुखणे वाढवतोच. टाचेच्या कंडरेबाबत तर हे वारंवार घडते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

कंडरेचे जुने दुखणे हे बहुधा दाहाचे दुखणे नसते. पेलण्यापलीकडचा भार पुन्हा पुन्हा पडल्याने कंडरेची आतली रचनाच बिघडलेली असते. विश्रांतीने तिची संवेदनशीलता कमी होते आणि बरे वाटते, परंतु भार पेलण्याची तिची क्षमता विश्रांतीच्या काळात आणखी घटते. धावणे पूर्वीच्याच वेगाने सुरू झाले की कमी क्षमतेच्या कंडरेवर जुनाच भार येतो. तुमचे तीन आठवडे आणि डोंगरवाट यांची चढण ही एकाच गोष्टीची दोन उदाहरणे आहेत.

१९९८ मध्ये स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसन यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने या उपचाराची दिशा बदलली. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहायचे, दोन्ही पायांनी वर जायचे आणि दुखऱ्या एका पायाने टाच सावकाश खाली सोडायची. गुडघा सरळ ठेवून पंधराच्या तीन फेऱ्या आणि वाकवून तीन फेऱ्या, दिवसातून दोनदा, बारा आठवडे, म्हणजे दिवसाला १८० वेळा. त्या अभ्यासातले पंधराही हौशी धावपटू बारा आठवड्यांनी पूर्ववत धावू लागले. पुढे २०१५ मध्ये डेन्मार्कमधील एका अभ्यासात असे दिसले की जास्त वजन घेऊन सावकाश, आठवड्यातून फक्त तीनदा केलेल्या व्यायामानेही तेवढाच फायदा होतो. माझा कल या दुसऱ्या पद्धतीकडे आहे. जड व्यायामानंतर कंडरेत साधारण पहिला दीड दिवस कोलॅजेनची झीज भरपाईपेक्षा जास्त असते, त्यामुळे मधला एक दिवस मोकळा ठेवणे शरीराच्या कामाशी जुळणारे आहे, आणि माणसे तो व्यायाम नेटाने पुराही करतात.

व्यायामाने दुखणे वाढते त्याची दोन कारणे मी नेहमी पाहते. पहिले म्हणजे दुखणे नेमके कुठे आहे हे न पाहता सर्वांना एकच व्यायाम दिला जातो. कंडरा टाचेच्या हाडापासून काही बोटे वर दुखत असेल तर पायरीखाली टाच सोडणे योग्य आहे. ती हाडाला चिकटते त्या जागीच दुखत असेल, तर टाच पायरीखाली गेल्यावर कंडरा हाडावर दाबली जाते आणि दुखणे भडकते. अशांनी हाच व्यायाम सपाट जमिनीवर करावा, पोटरी ओढून ताणू नये आणि काही आठवडे बुटात टाचेखाली थोडी उंची घालावी. दुसरे कारण म्हणजे व्यायाम सुरू करताना धावणे मुळीच कमी न करणे. कंडरेला दोन्ही भार एकत्रच मोजावे लागतात.

तुमची कंडरा कोणत्या जागी दुखते ते कळवाल का?

जुनाट

अगदी हाडावर, बुटाची कड लागते तिथेच. आणि दोन्ही ठिकाणी मला पायरीवरचाच व्यायाम दिला होता. आज सपाट जमिनीवरून सुरुवात करतो.

रॅकेटवाली

माझ्या उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला पाच महिन्यांपासून दुखते. बॅडमिंटन तर बंद आहेच, पण पाण्याने भरलेले भांडे उचलतानाही कळ येते. इंजेक्शन घे, दोन दिवसांत मोकळी होशील, असा सल्ला मला मिळाला आहे. घ्यावे का?

हालचाल

इंजेक्शनचा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा, परंतु या विशिष्ट दुखण्याबाबत माहिती बरीच स्पष्ट आहे. कोपराच्या या दुखण्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन घेतलेल्यांना पहिले सहा आठवडे खरोखरच खूप बरे वाटते. वर्षभरानंतर मात्र इंजेक्शन न घेतलेल्यांची स्थिती त्यांच्यापेक्षा चांगली असते आणि इंजेक्शन घेतलेल्यांमध्ये दुखणे उलटण्याचे प्रमाण जास्त असते. असे एकापेक्षा अधिक चांगल्या अभ्यासांत दिसले आहे, त्यांपैकी एक २०१३ चा आहे. वेदना थांबणे आणि ऊतक बरे होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे इतक्या ठळकपणे दाखवणारे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

दुखणे कोपरात असले तरी दुखरी कंडरा मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंची आहे. म्हणून वस्तू उचलताना तळहात वरच्या दिशेला ठेवा, भार लगेच कमी झाल्याचे जाणवेल. व्यायामात आधी हात टेबलावर ठेवून, तळहात खाली, मनगट न हलवता हलके वजन अर्धा-पाऊण मिनिट धरून ठेवावे, असे चार-पाच वेळा. दोन-तीन आठवड्यांनी तेच वजन सावकाश खाली-वर न्यावे. खांद्याच्या मागचे स्नायूही सशक्त करावेत, कारण खांदा कमी पडला की फटक्याचा ताण मनगटावर येतो. रॅकेटची मूठ हाताला फार बारीक नाही ना आणि तार फार ताठ नाही ना, हेही पाहा. तीन ते सहा महिने लागू शकतात, हे आधीच मनाशी धरलेले बरे.

चाकावरचा

सायकल चालवताना गुडघ्याच्या वाटीच्या मागे दुखते, जिने उतरताना आणि बराच वेळ बसून उठल्यावरही दुखते. वय ४७. एमआरआयमध्ये आतल्या बाजूच्या मेनिस्कसला (गुडघ्यातल्या कूर्चेच्या गादीला) "झिजेमुळे पडलेली चीर" असा शेरा आला आहे आणि तो वाचल्यापासून मी सायकलला हात लावलेला नाही. शस्त्रक्रिया करावी लागेल का, ही धास्ती आहे.

हालचाल

तुम्ही सांगितलेली लक्षणे, म्हणजे जिने उतरताना, बसून उठल्यावर आणि वाटीच्या मागे, ही वाटी आणि मांडीचे हाड यांच्यातल्या सांध्याची आहेत. मेनिस्कसचे दुखणे बहुधा सांध्याच्या फटीत, एका बाजूला, पाय पिळताना जाणवते. चाळिशीनंतर मेनिस्कसमध्ये अशा चिरा काहीच न दुखणाऱ्या पुष्कळ गुडघ्यांतही सापडतात. तेव्हा चित्रात जे दिसले तेच दुखते आहे असे लगेच समजू नये. शस्त्रक्रियेबद्दल म्हणाल, तर फिनलंडमध्ये झालेला आणि २०१३ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मी माझ्या प्रत्येक रुग्णाला सांगते. झिजेमुळे मेनिस्कस फाटलेल्या, पण सांधा अजून संधिवाताने खराब न झालेल्या १४६ जणांपैकी काहींचा फाटलेला भाग दुर्बिणीतून कापला आणि इतरांवर शस्त्रक्रियेचा केवळ देखावा केला. एका वर्षाने दोन्ही गटांच्या दुखण्यात लक्षणीय फरक नव्हता. गुडघा मध्येच अडकून सरळच होत नसेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा हाडांच्या डॉक्टरांना लवकर दाखवावे.

सायकलच्या बैठकीची उंची आधी तपासा. बैठक खाली असेल तर गुडघा जास्त वाकलेला राहतो आणि वाटीवरचा दाब वाढतो. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा साधारण २५ ते ३५ अंश वाकलेला असावा. जड गिअरमध्ये दमादमाने पेडल मारण्यापेक्षा हलका गिअर आणि जास्त फेरे बरे. व्यायाम मांडीच्या पुढच्या स्नायूंचे आणि तितकेच कमरेच्या बाजूच्या स्नायूंचे करावेत. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणे, पायरीवरून एका पायाने सावकाश उतरणे, भिंतीला पाठ लावून अर्धवट बसणे, एवढे आठवड्यातून तीनदा पुरते. पायरी उतरताना गुडघा आत झुकत नाही ना, हे आरशात पाहा. आणि सायकल सुरू करा. सपाट रस्त्यावर वीस मिनिटे, मग दुसरी सकाळ पाहून पुढचे ठरवा.

हिरवळ

फुटबॉल खेळताना भरधाव धावत असताना मांडीच्या मागे कोणी दगड मारल्यासारखे वाटले आणि थांबावे लागले. हे गेल्या वर्षी झाले आणि याच महिन्यात, त्याच पायाला, पुन्हा झाले. खेळण्यापूर्वी मी नियमाने ताणाचे व्यायाम करतो. चुकते कुठे?

हालचाल

मांडीच्या मागच्या स्नायूला, म्हणजे हॅमस्ट्रिंगला, सर्वांत मोठा झटका बसतो तो धावताना पाय पुढे फेकला जाऊन जमिनीला टेकण्याच्या क्षणी. त्या वेळी हा स्नायू लांबत असतो आणि लांबता लांबताच पायाचा वेग रोखत असतो. नुसते ताणून धरल्याने ही रोखण्याची ताकद येत नाही, ती लांबत असताना भार देऊनच येते. गुडघ्यांवर उभे राहून जोडीदाराने घोटे धरायचे आणि पाठ सरळ ठेवून शरीर जमेल तितके सावकाश पुढे झुकवत न्यायचे, हा नॉर्डिक व्यायाम त्यासाठी आहे. तो नेमाने करणाऱ्या संघांमध्ये हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळजवळ निम्म्या होतात, असे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर दिसले आहे. सुरुवातीला आठवड्यातून दोनदा, पाच-पाचच्या दोन फेऱ्या पुरेत, कारण पहिले काही दिवस स्नायू चांगलेच अवघडतात. ताज्या दुखापतीत मात्र तो लगेच करू नये. आधी उताणे झोपून, टाचा टेकवून कंबर उचलण्याचा पूल करावा.

दुसरी उणीव वेगाची असते. पुष्कळ खेळाडू हळू धावून दुखत नाही एवढ्यावर सामन्यात उतरतात आणि पहिली भरधाव धाव सामन्यातच घेतात. ती सरावात, टप्प्याटप्प्याने घ्यावी: पूर्ण वेगाच्या निम्मा, मग सत्तर टक्के, मग नव्वद, मग पूर्ण, आणि प्रत्येक टप्प्यानंतर एक दिवस मोकळा. ताणाचे व्यायाम आवडत असतील तर खेळानंतर करा. खेळण्यापूर्वी मात्र अंग गरम करणाऱ्या, तोलाच्या आणि ताकदीच्या हालचाली हव्यात. फुटबॉलसाठी २००६ च्या सुमारास तयार झालेला "फिफा ११+" हा वीस मिनिटांचा क्रम त्याच कामाचा आहे.

नवशिकी

अर्ध मॅरेथॉनची तयारी करते आहे. नडगीच्या आतल्या कडेला दुखते. पूर्वी धावणे संपल्यावर थांबायचे, आता एका ठिकाणी रात्रीही ठणकते. पोटरीचे मोजे घालून सराव पूर्ण करावा का?

हालचाल

कृपया आजपासून धावणे थांबवा. नडगीच्या कडेला पाच सेंटीमीटर किंवा अधिक लांबीच्या पट्ट्यात पसरलेले, अंग गरम झाल्यावर कमी होणारे दुखणे हे हाडावर ताण वाढल्याचे असते आणि सराव कमी करून ते आवरता येते. बोटाच्या टोकाने दाखवता येईल अशा एकाच जागी दुखणे, ते रात्री किंवा बसल्याजागी ठणकणे, त्या पायावर एक उडी मारताच कळ येणे, ही हाडाला बारीक भेग पडल्याची चिन्हे असू शकतात. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये अशी भेग पुष्कळदा दिसतच नाही, म्हणून एक्स-रे चांगला आला तरी डॉक्टरांना ही लक्षणे सांगा. वेदनेची मोजपट्टी लावून व्यायाम चालू ठेवण्याचा माझा सल्ला हाडाच्या भेगेला मुळीच लागू नाही. आणखी एक प्रश्न मी प्रत्येक धावणाऱ्या स्त्रीला विचारते: पाळी नियमित येते का? सराव वाढला आणि खाणे त्या प्रमाणात वाढले नाही तर पाळी लांबते किंवा थांबते, आणि त्याच काळात हाडेही कमकुवत होतात. पाळी थांबणे हे चांगल्या सरावाचे लक्षण आहे असे कोणी म्हणत असेल तर ते ऐकू नका.

डोंगरवाट

याच अनुषंगाने विचारतो. व्यायामाच्या वाटेला न जाता सरळ डॉक्टरांकडे जावे, अशी आणखी कोणती लक्षणे आहेत?

हालचाल

हे मी सुरुवातीलाच लिहायला हवे होते. गुडघा पिळला जाताना "टक्" असा आवाज आला आणि एक-दोन तासांत तो टम्म सुजला, तर आत रक्त साचलेले असू शकते आणि गुडघ्याला आतून स्थिर ठेवणारा पुढचा क्रुसिएट अस्थिबंध तुटलेला असण्याची शक्यता मोठी असते. टाचेच्या मागे कोणी लाथ मारल्यासारखे वाटले आणि नंतर त्या पायावर चवड्यांनी उभे राहता येत नसेल, तर कंडरा पूर्ण तुटली असावी. तेव्हा त्याच दिवशी दाखवावे. मार न लागता एकच पोटरी सुजली, गरम झाली आणि दुखू लागली, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर, तर रक्ताची गाठ नाही ना हे आधी पाहावे लागते. अशी पोटरी चोळू नये. सोबत धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर तातडीने रुग्णालय गाठावे. कंबरदुखीबरोबर लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, अथवा मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा येणे, हेही तातडीचे आहे. सांधा लाल, गरम होऊन ताप आला तर जंतुसंसर्गाचा विचार करावा लागतो.

एक गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातील प्रतिजैविकांमुळे कंडरा दुखू शकते, क्वचित तुटूही शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये या औषधांवर तशी ठळक सूचना छापायला लावली. अशी औषधे चालू असताना टाचेची कंडरा दुखू लागली तर व्यायाम थांबवून औषध देणाऱ्या डॉक्टरांना लगेच कळवावे.

पहाटधाव

पाच आठवड्यांनंतर पुन्हा लिहितो आहे. दाबण्याच्या सर्व जागा पाहिल्या, कुठेही दुखले नाही. एका पायावर टाच उचलणे सलग चोवीसपर्यंत गेले आहे, उड्याही जमतात. भिंतीच्या व्यायामात दोन्ही पायांत अजून बोटभर फरक आहे. डोळे मिटून उभे राहणे मात्र दहा सेकंदांच्या पुढे जात नाही. डाव्या पायावर पंचवीस सेकंद सहज होतात. धावायला सुरुवात करू का?

हालचाल

ताकद आली आहे, तोल मागे राहिला आहे, आणि हे अगदी अपेक्षित आहे. सपाट, स्वच्छ रस्त्यावर, उजेडात सुरुवात करा: एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे, असे आठ वेळा, एक दिवसाआड. दोन खेपांनंतर सकाळी काही वाढले नाही तर दोन मिनिटे धावणे आणि एक मिनिट चालणे. सलग वीस मिनिटे जमू लागेपर्यंत वेग वाढवू नका. डोळे मिटून उभे राहणे दिवसातून तीनदा करा, दात घासताना एकदा धरून. तसे उभे राहताना हाताशी भिंत असू द्या. उजवा पाय डाव्याच्या बरोबरीला येईपर्यंत खडबडीत वाटा आणि अंधारातली पहाट दोन्ही टाळा. भिंतीच्या व्यायामातला बोटभर फरक मोजून इथे दर आठवड्याला लिहीत राहिलात तर मलाही कळत राहील.